धुळ्याचे ग्रामोफोन मिस्तरी : काम पक्कं, तारीख कच्ची

आधी हिशेब सांगतो, म्हणजे ज्याला घाई आहे त्याला पुढचं वाचायची गरज नाही. एचएमव्ही १०२, चावीचा पोर्टेबल ग्रामोफोन. दुरुस्तीचे एकूण ५,८०० रुपये, सुयांची डबी वेगळी. सांगितलेली मुदत पंधरा दिवस, लागले अडीच महिने. पावती नाही. वाजतो का? वाजतो, आणि शेजारच्यांनाही ऐकू जातो. पाचपैकी चार तारे. पाचवा मी कापला म्हणून घरात दोन दिवस अबोला होता, कारण आमच्या हिच्या मते त्या माणसाला सहा द्यायला हवेत.

मी जळगावला एसटीच्या कार्यशाळेत एकतीस वर्षं मेकॅनिक होतो. दुसऱ्याने केलेलं काम बघताना माझी नजर आधी खोट शोधते. निवृत्तीच्या दिवशी पाने-पक्कड जमा करून घेतात, ही सवय कुणी जमा करून घेत नाही. तेव्हा खाली जे बरं लिहिलंय ते भोळेपणाने लिहिलेलं नाही, एवढं धरून चाला.

पेटी सासऱ्यांची. धरणगावला त्यांचं किराणा दुकान होतं. दिवाळीत दुकान लवकर बंद करून ओट्यावर सतरंजी पडायची, पेटी उघडायची, आणि चावी भरायचं काम धाकट्या लेकीकडे, म्हणजे आमच्या हिच्याकडे. पुढे वाटण्या झाल्या. पितळी हंडे, पाट, वजनकाटा, अगदी उखळालाही गिऱ्हाईक होतं. पेटीला आणि रेकॉर्डच्या ट्रंकेला नव्हतं. ती दोन्ही आमच्या माळ्यावर आली. वर पत्रा. जळगावचा मे महिना ज्यांनी पत्र्याखाली काढलाय त्यांना त्या रेकॉर्डचं काय झालं असेल हे सांगायला नको.

हे १०२ मॉडेल १९३१ साली निघालं आणि पन्नासच्या दशकातही बनत होतं, त्यामुळे जुन्या घरांत हेच जास्त सापडतं. त्याला डोक्यावर फुलासारखा भोंगा नसतो. भोंगा पेटीच्या पोटातच दुमडून बसवलेला. आवाज मागच्या बाजूने निघतो आणि उघड्या झाकणावर आपटून समोर येतो. म्हणून झाकण पूर्ण उघडं टाकून वाजवायचं नसतं, अडकणीवर तिरपं थांबवायचं. हे मला धुळ्यात कळलं. त्याआधी आम्ही ते ट्रंकेसारखं सताड उघडत होतो.

बिघाड असा होता. चावी भरली की थाळी फिरायची, अर्धं मिनिट बरं चालायचं, मग गाणाऱ्याचा गळा बसत बसत जायचा, आणि मध्येच पेटीच्या पोटातून धप्पकन आवाज. पायाखालची फळी सरकावी तसा. शिवाय जे काही ऐकू यायचं त्यावर सतत एक करकर, जणू कुणी पत्र्यावर बोलतंय.

पहिली चूक माझी. जवळच्याच एका दुरुस्तीवाल्याकडे नेली, जो पंखे, मिक्सर, रेडिओ सगळंच करतो. त्याने स्प्रिंगच्या डब्याच्या भोकातून पातळ मशीन ऑइल सोडलं आणि साऊंडबॉक्सची, म्हणजे सुई लागते त्या गोल डबीची, मागची बाजू तडकलेली होती ती झटपट चिकटणाऱ्या गोंदाने चिकटवून दिली. तीनशे रुपये. चार दिवस धप्प बंद झालं, पाचव्या दिवशी तेल पेटीच्या तळातून झिरपून टीपॉयवर आलं. मी स्वतः मेकॅनिक असून समोर उभा राहून हे होऊ दिलं, त्यामुळे त्याला फार बोलत नाही.

दुसरी चूक होता होता राहिली. भाच्याने एका मोठ्या शहरातल्या व्यापाऱ्याला फोटो पाठवले. तो म्हणाला, पेटी भंगार आहे, मोटर तेवढी काढून नव्या लाकडी खोक्यात बसवतो, वर पितळी भोंगा लावतो, लाख रुपयांचा माल दिसेल. दिसेल हे खरं. हॉटेलांच्या दारात जे चकचकीत भोंगेवाले ग्रामोफोन ठेवलेले असतात त्यातले बरेचसे असेच जन्मलेले : मोटर जुन्या पोर्टेबलची, खोकं कालचं, भोंगा परवाचा, आणि कुत्र्याचं चित्र छापखान्यातून आलेलं. भाचा खूश होता. आमच्या हिने फोन त्याच्या हातातून घेतला आणि “आमची पेटी आम्हाला पेटीच पाहिजे” असं सांगून ठेवून दिला.

मिस्तरींचा पत्ता लागला तो शिलाई मशीनमुळे. हिच्या ओळखीच्या एका टेलरिंगवाल्या बाईंची जुनी पायमशीन त्यांनी नीट केली होती, आणि तिथे फळीवर असली पेटी बाईंनी पाहिली होती. नाव आणि नंबर मी इथे देत नाही, कारण त्यांनीच हात जोडून सांगितलं की देऊ नका, आहे तेवढंच काम उरकत नाही. धुळ्याच्या जुन्या गल्ल्यांत, पांझरेच्या अंगाला, शिलाई मशीनवाले मिस्तरी म्हणून विचारा. दोन जण चुकीचं सांगतील, तिसरा बरोबर सांगेल.

जळगावहून एसटीने गेलो, एरंडोल-पारोळा करत. दोघांनाही अर्धं तिकीट. पेटी मी मांडीवर घेऊन बसलो होतो, पारोळ्यापर्यंत पाय बधिर. ही म्हणाली वर ठेवा. मी म्हणालो, वरच्या फळीवरून काय काय खाली पडतं ते मला माहीत आहे.

दुकान म्हणजे दहा बाय बारा. दारात तीन शिलाई मशिनी उलट्या, आत एक टेबल, टेबलावर पिवळा बल्ब खाली ओढलेला, आणि भिंतीवर खिळ्यांना टांगलेल्या जुन्या मोटरी, कोणाची थाळी नाही, कोणाचा डबा रिकामा. मिस्तरी सत्तरीचे असावेत. चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. मी मनात म्हटलं, स्वतःचा चष्मा नीट करत नाही तो माणूस.

पेटी टेबलावर ठेवली आणि मी लगेच चावी लावून फिरवायला गेलो, दोष दाखवावा म्हणून. त्यांनी माझं मनगट धरलं.

“जिभाऊ, हाई कुलूप नही से, जोर लावाले.”

मग जे केलं ते मी आमच्या कार्यशाळेतल्या पोरांना दाखवलं असतं. चावी भरली नाहीच. ब्रेक सोडून थाळी बोटाने हळू ढकलली आणि आत किती ताण शिल्लक आहे ते पाहिलं. थाळी आपोआप थांबेपर्यंत फिरू दिली. ती थांबल्यावर चावी उलटी फिरवून काढली. मगच स्क्रू. मोटर बाहेर काढायच्या आधी स्प्रिंग पूर्ण उतरलेली पाहिजे, नाहीतर ती बोटं घेऊन जाते. आमच्याकडे ब्रेक चेंबर उघडताना हाच नियम होता, आणि तो न पाळणाऱ्या एकाचे दात मी पाहिलेत.

त्या दिवशी आम्ही दुपारपर्यंत तिथेच बसलो. “आते बठा, च्या ल्या,” म्हणाले आणि डबा उघडायला घेतला.

स्प्रिंगचा डबा म्हणजे साधारण बुटाच्या पॉलिशच्या मोठ्या डबीएवढा, जाड. त्यात बोटभर रुंदीची पोलादी पट्टी गुंडाळलेली असते. मिस्तरींनी हातात कातडी मोजे घातले, डबा एका गोणपाटात धरला आणि आतलं टोक पकडून एकेक वेढा बाहेर घेतला. वेढा सुटताना मनगट डब्याबरोबर वळत होतं, पट्टीला झटका बसूच दिला नाही. शेवटी जमिनीवर जे उभं राहिलं ते दारापासून आतल्या भिंतीपर्यंत पोचेल एवढं लांब होतं. त्यावर काळं मेण. ग्रीस नाही, मेण. ऐंशी-नव्वद वर्षांत ग्रीस वाळून डांबरासारखं झालेलं, आणि वर आमच्या तीनशे रुपयांचं पातळ तेल. धप्प आवाजाचं कारण तेच : वेढे एकमेकांना चिकटून बसतात, ताण वाढत जातो आणि मग चार वेढे एकदम सुटतात.

रॉकेल आता मिळत नाही म्हणून डिझेलमध्ये पट्टी धुतली. मी म्हटलं, हे काम माझं, द्या इकडे. दिलं. अर्धा तास मी ती पट्टी चिंधीने पुसत बसलो होतो आणि खरं सांगतो, निवृत्तीनंतरचा तो सगळ्यात बरा अर्धा तास.

ग्रीसवरून वाद झाला. मी म्हटलं आमचं चाकाचं ग्रीस भरा, उन्हाळ्यात वितळत नाही. त्यांनी मान हलवली आणि डबी उघडून काळं, चांदीची झाक असलेलं ग्रीस दाखवलं. ग्रॅफाइट. मग मला गप्प बसावं लागलं, कारण बसच्या कमानपाट्यांच्या मध्ये आम्हीही ग्रॅफाइटच भरायचो. पट्टीवर पट्टी घासते तिथे तेच लागतं. स्वतःच्या घरची गोष्ट मला शिलाई मशीनवाल्याने आठवण करून द्यावी, असो.

मोटरीतला दुसरा भाग गव्हर्नर. बसवाल्याला हा शब्द नवा नाही. डिझेल पंपातही फिरती वजनंच असतात. इथे तीन छोटी वजनं, प्रत्येक एका कागदासारख्या पातळ पट्टीवर. फिरण्याचा वेग वाढला की वजनं बाहेर फाकतात, त्यांच्यामुळे दांड्यावरची चकती सरकते आणि चामड्याच्या तुकड्याला घासते. घासली की वेग उतरतो. वेग कमी-जास्त करायची जी काडी वर असते ती फक्त त्या चामड्याची जागा पुढेमागे करते. बस, एवढंच. ना वायर, ना सेल, आणि तरी वेग धरून ठेवतो. आमच्या पेटीत तीनपैकी एक पट्टी मोडलेली होती, म्हणून तोल गेला होता आणि सूर लाटेसारखा वरखाली व्हायचा. भिंतीवरच्या एका मेलेल्या मोटरीतून मिस्तरींनी पट्टी काढली. एकच नाही, तिन्ही बदलल्या. “दोन म्हाताऱ्या आणि एक तरणी एकत्र नांदत नाहीत,” असं त्यांचं म्हणणं. चामड्याला खायचं तेल, एक थेंब.

साऊंडबॉक्सपाशी मात्र त्यांचा चेहरा उतरला. तो ५ बी जातीचा आहे, आत अ‍ॅल्युमिनियमचा पातळ पडदा. सुई खोबणीत हलते, तिची दांडी पडदा हलवते, आवाज तिथे जन्मतो. बाकी सगळी पेटी त्याची सेवा करायला. पडदा शाबूत होता. पण त्याला दोन्ही बाजूंनी धरणारी रबरी नळी दगड झाली होती, म्हणून ती करकर. आणि मागची ओतीव पाठ, जी गोंदाने चिकटवली होती, ती फुगून तिरकी झालेली. मी त्या पहिल्या दुरुस्तीवाल्याला शिव्या घालायला सुरुवात केली तर मिस्तरींनी थांबवलं. हा जस्ताच्या मिश्रधातूचा ओतीव माल, म्हणाले, तो वयाने आपोआप फुगतो आणि तडकतो, त्यात कुणाचा हात लागायला लागत नाही. गोंद लावला ही चूक त्याची, तडा त्याचा नाही. ज्याला कधी भेटले नाहीत त्याची बाजू घेणारा कारागीर मी फार पाहिलेला नाही.

नवी पाठ लेथवर करून घ्यायची ठरली. मी पितळ म्हटलं, दिसायला चांगलं. त्यांनी नाही म्हटलं. पितळेने बोजा वाढेल आणि बोजा सगळा सुईवर येतो. हल्लीच्या रेकॉर्ड प्लेअरची सुई दोनेक ग्रॅमने टेकते, इथे तर सगळा साऊंडबॉक्सच खोबणीवर बसलेला असतो. म्हणून अ‍ॅल्युमिनियम. आणि म्हणूनच एलपी, म्हणजे नंतरची प्लास्टिकची रेकॉर्ड, यावर कधी लावायची नाही, एका फेरीत तिची माती होते. फक्त ७८ वाल्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या, लाखेच्या.

आता तक्रार, कारण तारा मी उगाच कापलेला नाही. “पंधरा दिवसांत या,” म्हणाले. पंधराव्या दिवशी फोन, उचलला नाही. विसाव्या दिवशी उचलला : लेथवाल्याच्या घरी लग्न. महिन्याने : रबरी नळी पोचली नाही. मग लग्नसराईत शिलाई मशिनींची रांग लागली आणि आमची पेटी टेबलाखाली गेली. ती टेबलाखाली गेली हे मला कळलं कसं, तर मी न सांगता एकटाच धुळ्याला जाऊन धडकलो. माझ्या आवाजाला कार्यशाळेची सवय आहे, तो जरा चढला. मिस्तरी शांतपणे म्हणाले, “इतली कसाले घाई करतस जिभाऊ? वीस वर्षं माळ्यावर होती तवा घाई नव्हती.” याला उत्तर नव्हतं, पण हे उत्तरही नव्हे. ज्याला उशीर होणार आहे त्याने तारीख देऊ नये. फोनवर एक वाक्य पुरतं. आणि पावती मागितली तर वहीचं पान फाडून त्यावर “१ पेटी” एवढंच लिहून दिलं. माझ्या ड्युटीत असं कार्ड भरलं असतं तर मेमो मिळाला असता.

त्या अडीच महिन्यांत घरी मात्र एक काम झालं, तेही त्यांच्याच सांगण्यावरून. ट्रंकेत ४१ रेकॉर्ड होत्या. पाच फुटलेल्या. उरलेल्यातल्या निम्म्या पत्र्याखालच्या उन्हाने पापडासारख्या लहरलेल्या. मी त्या पुसायला स्पिरिटची बाटलीही आणून ठेवली होती. बरं झालं बोलता बोलता तोंडातून निघालं. मिस्तरी खुर्चीतून उठलेच. या रेकॉर्ड लाखेच्या, आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते. सुतार पॉलिश करतो ते काय असतं? लाखदाणा आणि स्पिरिट. मला हे ठाऊक नव्हतं असं नाही, फक्त दोन गोष्टी डोक्यात शेजारी ठेवल्या नव्हत्या. साध्या पाण्याचा ओलसर मऊ कपडा, मधल्या कागदाला पाणी लागू न देता, आणि लगेच कोरडा हात. एवढंच.

वाकलेल्या रेकॉर्डवर उपाय : दोन जाड काचांच्या मध्ये ठेवून ऊन दाखवायचं, लाख नरम पडली की वरच्या काचेच्या वजनाने ती बसते, मग काचांसकट सावलीत पूर्ण गार करायची. ऊन किती, ते त्यांनी हिला सांगितलं, मला नाही. “ताई, तुम्ही बिबडे घालता ना? मग तुम्हाला कळेल.” आणि खरंच, उन्हाचा अंदाज मला काय असणार. ही चाळीस वर्षं गच्चीवर बिबडे, कुरडया घालते. कोणत्या घटकेला बिबडा कड सोडतो, कोणत्या घटकेला करपतो, हे तिला हाताच्या पाठीवरच्या उन्हावरून समजतं. मी म्हटलं साडेनऊला ठेवू. ती म्हणाली, मार्चमध्ये साडेनऊ, एप्रिलमध्ये आठ, आणि मेमध्ये नकोच, मेमध्ये त्यांची चटणी होईल. आरशाच्या दुकानातून कडा घासलेल्या दोन काचा आणल्या. गच्चीवर एका धोतरावर बिबडे, शेजारी दोन काचांमध्ये रेकॉर्ड. दर दहा मिनिटांनी ती काचेला डोळा लावून फट बघायची. एका दिवशी दोन, फार तर तीन. अठरा लहरलेल्यांपैकी पंधरा सपाट झाल्या. तीन बिघडल्या त्या, हे लिहायलाच हवं, मी तिच्या माघारी लावलेल्या.

शेवटी निरोप आला, या. दोघं गेलो.

पेटी बाहेरून जशी नेली होती तशीच होती. मी जरा नाराज झालो. काळं रेक्झिन पुसलेलं, पण कोपरे घासलेले ते घासलेलेच, चावीचं निकेल गेलेलं ते गेलेलंच. झाकणावर एक गोल, शेंगदाण्याएवढा जळका डाग आहे. मिस्तरींनी हिला विचारलं हा कशाचा. ही म्हणाली, लक्ष्मीपूजनाच्या दिवशी मी उदबत्ती टेकवली होती, मार खाल्ला होता. “मग तो ऱ्हावू द्या,” म्हणाले आणि विषय संपला. मला निकेल करून हवं होतं. त्यांनी करून दिलं नाही. तुम्हाला चकाचक पाहिजे असेल तर या दुकानात जाऊ नका, हे आधीच सांगतो.

वेग तपासायची त्यांची रीत मी घरी येऊन तीन जणांना सांगितली. त्यांच्याकडे एक तडकलेली रेकॉर्ड आहे, गौहरजानची. तडा कडेपासून मध्यापर्यंत, त्यामुळे दर फेरीला सुई एकदा ‘टक्’ करते. मिस्तरी घड्याळाकडे बघत टक् मोजतात. दहा सेकंदांत तेरा. मिनिटाला ७८ फेऱ्या म्हणजे दहा सेकंदांत बरोबर तेरा. बारा आल्या तर काडी थोडी पुढे, चौदा आल्या तर मागे. फुटक्या रेकॉर्डला असं कामाला लावलेलं मी पहिल्यांदा पाहिलं.

ती बाजू संपत आली आणि गाणं थांबल्यावर एकदम बाईचा खणखणीत आवाज, इंग्रजीत, स्वतःचं नाव सांगणारा. ही दचकलीच. मिस्तरी हसले. १९०२ साली कलकत्त्यात गौहरजानचं पहिलं रेकॉर्डिंग झालं तेव्हा रेकॉर्ड दाबायचा कारखाना इथे नव्हता, तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला बनून यायच्या. तिकडच्या माणसाला कोण गातंय हे कळावं म्हणून गाणाऱ्याने शेवटी नाव सांगायचं. कलकत्त्याला कारखाना निघाला तो १९०८ मध्ये. म्हणजे ती आरोळी रसिकांसाठी नव्हतीच, पलीकडच्या कामगारासाठी होती.

मी माझी तपासणी वेगळी केली, सवय. नातवाकडून एक गोल कागद छापून नेला होता, कडेने ७७ काळे पट्टे. आपली वीज पन्नास सायकलची, त्यामुळे चोकवाली जुनी ट्यूबलाइट सेकंदाला शंभर वेळा लुकलुकते. वेग बरोबर असेल तर त्या उजेडात ७७ पट्टे जागच्या जागी उभे दिसतात. एलईडीखाली बहुतेक जमत नाही. रेकॉर्ड वाजत असताना मधल्या कागदावर ठेवून पाहायचं, मोकळ्या थाळीवर पाहिलं तर फसाल, कारण सुई टेकली की वेग उतरतो. पट्टे उभे राहिले. गाण्याच्या शेवटाला किंचित मागे सरकले. मिस्तरींनी माझ्या कागदाकडे कौतुकाने पाहिलं आणि परत आपलं टक् मोजायला लागले.

एक दोष राहिला होता. घरी आणल्यावर वरच्या स्वरांना आवाज कडक, चमचा ताटावर घासल्यासारखा. फोन केला. पहिल्याच रिंगला उचलला, नशीब. म्हणाले, नळी मिळत नव्हती म्हणून सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब लावली होती, ती कडक पडली असणार, नुसता साऊंडबॉक्स काढून आणा. साऊंडबॉक्स खिशात मावतो. पुन्हा धुळे, पुन्हा अर्धं तिकीट. पांढरी मऊ सिलिकॉनची नळी आली होती. टोकं तिरकी कापून जोडली, फट राहू नये म्हणून. पैसे घेतले नाहीत. पण आधीच सांगितलं असतं तर मी ट्यूबवाला आवाज घरी नेला नसता. तारा कापला त्यात हेही धरलंय.

आमचं घर बालगंधर्व खुल्या नाट्यगृहापासून फार लांब नाही. ते नाव मी येता-जाता हजार वेळा वाचलं असेल. सासऱ्यांच्या ट्रंकेत बालगंधर्वांच्या चार रेकॉर्ड निघाल्या. त्यातली एक वाकलेली होती, हिने पहिल्या दिवशी काचेत घातली ती हीच. ती लावली त्या संध्याकाळी हिने मला चावीला हात लावू दिला नाही. मोजून फिरवली, शेवटचे दोन-तीन वेढे हळू, पुढे ताण लागला की थांबली. साठ वर्षांपूर्वीचं काम हाताला आठवत होतं. दहा इंची रेकॉर्डची एक बाजू तीन मिनिटं, त्यात अख्खं पद बसवायचं म्हणजे गाणाऱ्याला दम घ्यायलाही वेळ नाही. आवाज पेटीतून येतो असं वाटत नाही, खोलीच्या कोपऱ्यातून येतो असं वाटतं. वर खरखर आहेच. ती रेकॉर्डची आहे, मिस्तरींच्या माथी मारू नका. लाखेत दगडाची पूड घातलेली असते, ती सुई घासून खोबणीच्या मापाची करते, म्हणून पोलादी सुई एका बाजूला एकच. ही काटकसरी आहे, म्हणाली दोन बाजूंना चालेल. मी भिंगातून तिला वापरलेल्या सुईचं टोक दाखवलं, छिन्नीसारखं चपटं. आता ती वापरलेल्या सुया लोणच्याच्या बरणीत टाकते, परत चुकून लागू नयेत म्हणून.

जाणार असाल तर चावी सोबत न्या, बरेच जण पेटी नेतात आणि चावी घरी ठेवतात. नेताना स्प्रिंग पूर्ण उतरवून न्या. साऊंडबॉक्स काढून वेगळा, कपड्यात. तारीख सांगतील तिला पाचने गुणा. चकचकीत काम मागू नका. जेवायच्या वेळी जाऊ नका, कारण ते आग्रह करतात आणि डब्यातल्या भरितात हिरव्या मिरचीचा हात सैल असतो. आणि मंगळवारी दुकान बंद असतं. आम्ही पहिल्यांदा पेटी मांडीवर घेऊन गेलो होतो तो मंगळवारच होता.